गोजरबाईच्या झंपराची खिडकी

रोज सकाळी चहाच्या आधी गोजरबाई आपल्या झंपराची खिडकी उघडून आत डोकावायच्या.

खिडकी म्हणजे खरोखरच खिडकी. झंपराच्या उजव्या अंगाला, गळ्याच्या हाडाखाली, तळहाताएवढा कापडाचा पडदा आणि त्याला टिचबटनं. ओट्यावर ऊन आलं की त्या तिथं बसायच्या, कुंकवाच्या पेटीतला आरसा हनुवटीखाली धरायच्या आणि टच टच करत पडदा उघडायच्या. आत पांढरी पट्टी, आणि पट्टीतून बाहेर आलेली नळीची दोन टोकं; एकाला लाल टोपण, एकाला निळं. नव्या वासराकडं बघावं तसं त्या थोडा वेळ बघत राहायच्या. मग पडदा बंद करून साऱ्या घराला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "कोरडं हाय!"

तिकडं अंगणात व्यंकटराव दात घासत असायचे. त्यांचे दात केव्हाच घासून झालेले असत, पण बायकोचं 'कोरडं हाय' ऐकल्याशिवाय त्यांना चूळ भरता येत नसे. सून पद्मजेच्या हे कधीच लक्षात आलं होतं. ती कुणाला बोलली नव्हती. ती फक्त आत चहा ठेवायची.

चहाचाही एक किस्सा होता. गोजरबाईंची मूत्रपिंडं कामातून गेल्यापासून त्यांना पाणी मोजून मिळत होतं, आणि डॉक्टरांनी चहा सांगितला होता अर्धा कप. अर्धा भरलेला कप समोर आला की बाईंचा पारा चढायचा. "हे काय? कुनी पिऊन ठिवल्यावानी दिसतंय." शेवटी त्यांनी औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेतून एक बुटका कप शोधून आणला, नेहमीच्या कपाच्या बरोबर निम्मा. त्या दिवसापासून घरात शांतता नांदू लागली. रोज सकाळी त्या आवाज द्यायच्या, "पद्मे, अर्धाच कप दे गं. पर काठोकाठ."

त्यांच्या कुरुंदा गावात हळदीशिवाय पान हलत नाही. थंडी सरली की अंगणाअंगणात हळद शिजते, वाळते, आणि मग पॉलिशचे ड्रम फिरू लागले की गल्लीभर पिवळी धूळ तरंगते. त्या दिवसांत पांढरं मांजर पांढरं राहत नाही. बोट कापलं, हळद. घसा बसला, हळद. ट्रॅक्टरखाली कुत्र्याचा पाय आला तरी हळद. त्यामुळं गोजरबाईंच्या छातीत डायलिसिसची नळी बसवली आणि ती जिथून बाहेर येत होती तिथं जराशी लाली दिसली, तेव्हा व्यंकटरावांना कुणाला विचारायची गरज वाटली नाही. त्यांनी घरच्या शेतातली, स्वतः निवडलेली हळद तुपात कालवली आणि मोठ्या मायेनं तिथं थापली.

पुढच्या डायलिसिसला सिस्टर अनुश्रीनं पट्टी उघडली आणि ती दोन पावलं मागं सरकली.

"आजोबा, हे काय केलं?"

"हळद हाय," व्यंकटराव अभिमानानं म्हणाले. "बाजारची न्हाई, घरची."

"इथं काहीच लावायचं नसतं हो! ही नळी सरळ हृदयापर्यंत गेलीय. इथं जे लावाल ते आत जाणार."

"मग चांगलंच की," व्यंकटराव म्हणाले. "आतूनबी गुण येईल."

गुण आला तो थंडी वाजून तापाचा. रजई, त्यावर घोंगडी, त्यावर व्यंकटराव स्वतः बसले तरी बाईंचं थरथरणं थांबेना. ती नळी काढावी लागली आणि दुसऱ्या बाजूला नवी बसवावी लागली. नळीऐवजी हातातून डायलिसिस व्हावं म्हणून दोन्ही हातांच्या शिरा जोडून बघायचे प्रयत्न आधीच फसले होते. बाईंच्या शिरा, त्यांच्याच शब्दांत, 'दोऱ्यावानी बारीक आन् माहेरवाशिणीवानी रुसक्या' होत्या. डॉक्टरांनी पद्मजेला बाजूला घेऊन सांगितलं, की आता हीच नळी सांभाळायची. ही बिघडली तर पुढची बसवायला जागा शोधणं अवघड आहे.

त्या दिवसापासून व्यंकटराव हळदीचे वैरी झाले. हळदीच्या ढिगावरून आले की कोपरापर्यंत साबण लावायचे. कोपऱ्यातल्या खोलीत, जिथं बायको झोपायची, तिथं त्यांनी हळदीला बंदी घातली. वरणसुद्धा त्या खोलीत न्यायचं नाही. वारा वळला की ते अंगणात उभं राहून वाऱ्याला शिव्या द्यायचे. कंपाउंडापलीकडचा जळबा विचारायचा, "व्यंकटराव, कुनाला बोलून राहिले?" ते म्हणायचे, "हाय एक हरामखोर. पश्चिमेकडून येऊन राहिला."

झंपराची खिडकी ही खुद्द गोजरबाईंची कल्पना. दर वेळी सिस्टरनं नळी जोडायला अर्धा झंपर उतरवायचा, हे त्यांना पटेना. घरची शिलाई मशीन होती, कापड होतं. पहिल्या खिडकीला अनुश्री पोट धरून हसली, आणि पुढच्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरची बाई आपलं पोलकं पिशवीत घालून घेऊन आली. मग काय, गोजरबाई नळीला जोडलेल्या अवस्थेतच कुठलं माप घ्यायचं ते सांगू लागल्या आणि पद्मजा गळ्यात टेप अडकवून खाटेखाटेला फिरून मापं घेऊ लागली. एका म्हाताऱ्यानं बंडीला खिडकी मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, "जाळीची पाह्यजे का लाकडी?"

अशात वैष्णवीचं लग्न ठरलं.

वैष्णवी पद्मजेची थोरली, आजीच्या मांडीवर वाढलेली. मुलगा औंढ्याकडचा, नोकरीला, सगळं बरं होतं. फक्त मुलाची आजी धुरपताबाई होती.

पस्तीसेक वर्षांपूर्वी गोजरबाईंच्या धाकट्या दिराच्या लग्नात हीच धुरपताबाई नवरीची आत्या म्हणून आली होती. हळदीच्या दिवशी विहिणी-विहिणींनी एकमेकींना माखायचं असतं, आणि त्या काळात गोजरबाईंच्या तावडीतून कुणी सुटत नसे. लग्नाच्या बंदोबस्ताला नव्हे, नुसता रस्ता विचारायला आलेला एक पोलीसही त्यांनी पिवळा करून पाठवला होता. धुरपताबाई मात्र नवं इरकली लुगडं नेसून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला कुनी हात लावायचा न्हाई." गोजरबाईंनी हात लावला नाही. त्यांनी खुर्चीच उचलायला लावली आणि हळद शिजवायच्या काहिलीत, जिथं गार पिवळं पाणी काठापर्यंत भरून ठेवलं होतं, ती बाईसकट आडवी केली. धुरपताबाई महिनाभर पिवळी फिरत होती. गावातल्या वैद्यानं तिला रस्त्यात थांबवून कावीळ कधीपासून आहे म्हणून विचारलं. निघताना ती बोलून गेली होती, "गोजरे, एक दिवस तुलाबी अशीच बुडवीन."

आता बघण्याच्या कार्यक्रमात पोहे संपले, मुलीला प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा धुरपताबाईनं वैष्णवीकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं गोजरबाईंना विचारलं, "काहील हाय का अजून?"

"हाय की," गोजरबाई म्हणाल्या. "तवा तुला तंग झाली व्हती. म्हनून आता मोठी घेतली."

दोघी इतक्या हसल्या की लग्न तिथंच ठरल्यासारखं झालं. पद्मजेला मात्र हसू आलं नाही. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, धुरपतामावशींना नळीचं सांगून टाकू. त्या समजून घेतील."

"तेच तर नगं," गोजरबाई म्हणाल्या. "समजून घ्याया लागली का माणूस संपलं. ती मला सोडून देईल, आन् वरून 'बिचारी' म्हनंल. धुरपतीच्या तोंडून 'बिचारी'? त्यापरीस नळी उपटून देते."

"पण आत्याबाई, डॉक्टर काय म्हणाले ते..."

"नागनाथाची आन घे. तू सांगनार न्हाईस."

पद्मजेनं आण घेतली. त्या दिवसापासून तिला लग्नाचं काही सुचेना. आहेर, पत्रिका, मांडव, सगळं बोलत असताना तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायचं: पिवळ्या पाण्यानं भरलेली काहील आणि त्यात बुडालेली ती पांढरी पट्टी.

सिस्टर अनुश्रीला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "आजी, हळदीला जायचं नाही."

"का बरं? आमच्या घरात पोरीला पयली हळद थोरल्या बाईच्या हातची लागते. थोरली मी हाय."

"मग लांबून लावा."

"काठीनं का?"

अनुश्रीनं हार मानली. तिनं पद्मजेला जास्तीच्या पट्ट्या, हातमोजे, मास्क असं सगळं दिलं, आणि गरज पडलीच तर पट्टी कशी बदलायची हे पुन्हा एकदा करून दाखवलं. हात साबणानं नीट धुवायचे. दोघींनी मास्क लावायचा. आजींनी मान तिकडं फिरवायची आणि बोलायचं नाही.

"हे शेवटचं जमायचं न्हाई," गोजरबाई म्हणाल्या.

बाकीचा बंदोबस्त व्यंकटरावांनी हाती घेतला. मुलगा स्वानंद मोटारसायकलवर घालायचा तो निळा रेनकोट त्यांनी काढला. तो गळतो का हे बघायला पाहिजे, आणि बायकोवर पाणी टाकणं तर शक्य नाही, म्हणून तो त्यांनी स्वतः घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले. गोजरबाईंनी हंड्याजवळ बसून तांब्यानं मारा सुरू केला. पाणी आत गेलं नाही. त्यांनी डोक्यावर ओतलं, काखेत मारलं, पाठीमागून गाठलं.

"बास की," व्यंकटराव म्हणाले. "आता तू तपासून न्हाई राहिली. सूड घेऊन राहिली."

"तुपातल्या हळदीचा," असं म्हणून त्यांनी उरलेला हंडा उपडा केला.

कंपाउंडावरून जळबानं डोकं काढलं. "व्यंकटराव, पाऊस तुमच्याच अंगनात काहून पडून राहिला?"

हळदीच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाचं कापडसुद्धा तापून वास मारत होतं. हिरवं लुगडं नेसून, त्यावर गळाबंद निळा रेनकोट चढवून गोजरबाई मधोमध येऊन बसल्या, तेव्हा बायकांमध्ये कुजबुज झाली.

"काकू, कोट काहून?"

"वादळ येऊन राहिलं म्हने," गोजरबाई फाट्याकडं बघत म्हणाल्या. "औंढ्याकडून."

वादळ जीपमधून आलं. धुरपताबाई उतरली ती बुटकी, गोल, पदर खोचलेली, दोन्ही हातांत पितळी पातेलं धरलेली. पातेल्यात नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद होती. तिच्या मागं तिच्या सुना, लेकी, भाच्या, जणू चढाईला आल्यासारख्या. तिनं रेनकोट बघितला आणि भर मांडवात म्हणाली, "अगं बया! मला भिऊन ताडपत्री नेसलीस व्हय गोजरे?"

"तुझ्या अंगचं पानी मला माहीत हाय, इहीनबाई. म्हनून बंदोबस्त."

पण आधी पोरीची हळद. त्यात कुणी खोडी काढत नाही, एवढं दोघीही पाळायच्या. गोजरबाईंनी आंब्याचं पान उष्ट्या हळदीत बुडवलं आणि वैष्णवीच्या पायांना लावलं, मग गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला. पान कपाळाशी पोचलं तेव्हा आजी-नातीचे डोळे भरून आले होते आणि दोघीही दुसरीकडं बघत होत्या. पद्मजा तिघींत तेवढी कोरडी होती, कारण तिचं लक्ष सासूच्या हाताकडं होतं. रेनकोटाच्या बाहीतून एक थेंब टपकला. मग दुसरा.

घाम होता.

बाहेरचं पाणी आत जाऊ नये म्हणून सगळ्यांनी एवढा खटाटोप केला होता, आणि मे महिन्याच्या उन्हात त्या कोटाच्या आत बाई हळदीसारखी शिजत होती. घामानं पट्टी सुटली असेल तर? तिनं सासूचं मनगट धरलं आणि तिला घरात ओढलं.

मागं धुरपताबाईचा आवाज आला, "पळाली! पळाली! धरा गं!"

हळदीला बंदी असलेल्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत पद्मजेनं दार लोटलं. आतली कडी स्वानंदनं कधीच काढून टाकली होती. आई आत एकटी चक्कर येऊन पडली तर उघडता यावं म्हणून. पंखा बंद केला, रेनकोट उतरवला. आतून वाफ निघाली. मोरीवर जाऊन हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतली हळद जाईपर्यंत पुन्हा धुतले. मास्क, हातमोजे. सासूला मास्क लावला आणि मान फिरवायला लावली. खिडकीची टिचबटनं उघडली.

पट्टीची एक कड सुटून वर आली होती. पद्मजेनं श्वास रोखून ती हळूच काढली. आत, नळीच्या भोवती, कापूस कोरडा होता.

पण काम अर्धंच झालं होतं. तिनं औषधाचा बोळा घेतला, आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात धुरपताबाई. दोन्ही हात वर, दोन्ही हातांतून हळद ठिबकतेय, तोंडावर पस्तीस वर्षं साठवलेलं हसू. तिनं बघितलं: भिंतीकडं मान केलेली गोजरी, तोंडाला मास्क, छातीतून निघालेल्या दोन नळ्या, लाल आणि निळं टोपण. हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं सगळं निघून गेलं.

"काय हाय गं हे?" ती हळू आवाजात म्हणाली.

गोजरबाईंना बोलायची मनाई होती. उभ्या जन्मात त्या पहिल्यांदाच धुरपताबाईसमोर गप्प होत्या, आणि त्याचा त्यांना एवढा संताप आला होता की कान लाल झाले होते.

"मावशी," पद्मजा मान वर न करता म्हणाली, "तिथंच थांबा. हळद आत आणू नका. दार लावा, आणि मी सांगेपर्यंत कुणाला येऊ देऊ नका."

दार लागलं.

मग बाहेर जे झालं ते पद्मजेनं फक्त ऐकलं. पावलं धावत आली. "आत्या, सापडली का?" आणि लगेच किंकाळी. पुन्हा पावलं, पुन्हा किंकाळी. धुरपताबाई दाराला पाठ लावून उभी होती आणि जी कुणी जवळ येईल तिला माखून परत पाठवत होती. स्वतःच्या सुना, लेकी, भाच्या, कुणालाही न विचारता. शेवटी व्यंकटरावांचा आवाज आला, "अवो इहीनबाई, मला आत जाऊ द्या, माझी मंडळी..." आणि तो आवाज मधेच बुडबुडला.

पट्टी झाली. टिचबटनं लागली. मास्क काढल्याबरोबर गोजरबाई उठल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "आता 'बिचारी' म्हन. म्हनून टाक."

धुरपताबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. शेजारी व्यंकटराव उभे होते, मुंडाशापासून धोतरापर्यंत पिवळेधमक, फक्त डोळे उघडे.

"बिचारी? तू?" धुरपताबाई म्हणाली. "मी बुडवीन म्हनले व्हते. बोलल्याची पक्की हाय मी. काहील कुठं हाय?"

"मावशी!" पद्मजा ओरडली.

"गप गं. गळ्यापतूर कुनी म्हनलं? पाय तर कोरडे ठिवायचे सांगितले न्हाईत ना डाक्टरनं?"

मांडवात काहील आली. गोजरबाईंना खुर्चीत बसवलं, आणि पस्तीस वर्षांपूर्वी उलटी झालेली ती खुर्ची या वेळी चौघींनी इतकी जपून धरली होती की जणू देवाची पालखी. धुरपताबाईनं स्वतः लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, एक पाय उचलून पिवळ्या पाण्यात ठेवला, मग दुसरा. सुजलेली पावलं होती. तिनं ती वाकून चोळली, बोटाबोटांतून, सावकाश.

"बुडवली," ती म्हणाली. "बाकीची पुढच्या लग्नात."

वाकलेली होती, हीच तिची चूक. गोजरबाईंच्या हातात वैष्णवीच्या हळदीची वाटी होती. त्यांनी ती शांतपणे, एकही थेंब स्वतःकडं न येऊ देता, धुरपताबाईच्या डोक्यावर उपडी केली.

"कावीळ कधीपासून हाय गं?" त्यांनी विचारलं.

पुढच्या डायलिसिसला अनुश्रीनं खिडकी उघडली तेव्हा तिचा चेहरा घाबराघुबरा होता. पट्टी काढली, बघितलं, पुन्हा बघितलं. सगळं स्वच्छ होतं. मग तिची नजर चादरीबाहेर आलेल्या पायांवर गेली.

"आजी, हे पाय?"

"ते ठिवून घेतलेत," गोजरबाई म्हणाल्या. "धुरपतीचे हायेत."

त्यानंतर हळदीचे दोन हंगाम गेले. धुरपताबाईचा फोन रोज सकाळी यायचा, नमस्कार नाही, चौकशी नाही, फक्त "कोरडं हाय का?" आणि इकडून "हाय. तू भिजलीस का?" वैष्णवीला मुलगी झाली. तिच्या बारशाला दोघींनी एकमेकींच्या पायांना हळद लावली आणि बारशाला हळद कशाला, असं विचारणाऱ्या भटजींनाही लावली. नळी तीच राहिली, अखेरपर्यंत. तिला कसलीही बाधा झाली नाही. थकलं होतं ते बाईंचं हृदय, आणि ते एका दुपारी, जेवणानंतर डोळा लागलेला असताना, कुणाला न उठवता थांबलं.

त्याच दिवशी सकाळी नेहमीसारखं ओट्यावर ऊन आलं होतं. त्यांनी आरसा धरला, टच टच करून खिडकी उघडली, बघितलं, बंद केली. "कोरडं हाय!" अंगणात व्यंकटरावांनी चूळ भरली. पद्मजा आत चहा गाळत होती. तिला बाहेरून हाक आली.

"पद्मे, अर्धाच कप दे गं. पर काठोकाठ."